इंदूकाकूंनी छत्री धरली तेव्हा

थंडीच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमाराला बुऱ्हाणपुरात कुठेही उन्हाकडे तोंड करून उभं राहावं. मग मान आणखी वर करावी, इतकी की डोक्यावर टोपी असली तर ती मागे पडायला हवी. तिथे निळ्या आकाशात काहीच दिसणार नाही. पण मी सांगते, तो तिथेच आहे. आमच्या कामाचा सॅटेलाइट. माझं उभं आयुष्य त्या न दिसणाऱ्या जागेकडे लोखंडी थाळ्या वळवण्यात गेलं, आणि अजूनही कुणी विचारलं तर मी गच्चीत जाऊन नुसत्या बोटाने ती जागा दाखवू शकते.

इतवाऱ्यात आमचं दुकान. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की भावाला शिंकांवर शिंका यायच्या, आणि मला तो वास आवडायचा. झालं, दुरुस्तीला मी बसले आणि गल्ल्यावर भाऊ. देशाचा बाजार उघडला, घरोघरी रंगीत टीव्ही आले, नवे नवे चॅनल आले, तशी आधी मोठी जाळीची आणि मग छोटी पत्र्याची छत्री आली. आमच्याकडे डिशला सगळे छत्रीच म्हणतात. एक बाई शिडी लावून गच्चीवर चढते, हे सुरुवातीला लोक बघायला यायचे. नंतर 'छत्रीवाली ताई' हे नावच पडलं.

काम तसं सोपं आहे. सॅटेलाइट पृथ्वीबरोबर फिरतो म्हणून आपल्याला तो एका जागी थांबल्यासारखा असतो. तिथून येणारा सिग्नल फार अशक्त. छत्री तो गोळा करते आणि समोरच्या दांडीवर जे बोंडासारखं असतं त्यात सोडते. त्याला एलएनबी म्हणतात, आमची गिऱ्हाइकं 'डोळा' म्हणत. तिथून वायर खाली डब्यात, डब्यातून टीव्हीत. छत्रीला दोनच गोष्टी कराव्या लागतात, डावी-उजवीकडे फिरवणं आणि वर-खाली झुकवणं. पण त्यात बोटाच्या पेराएवढी चूक झाली तरी पडदा काळा. बघणाऱ्याला वाटतं छत्री समोरच्या भिंतीकडे बघतेय. प्रत्यक्षात तिची नजर खूप वर असते. तिची ठेवणच तशी तिरकी.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्या! एका काकींचा टीव्ही रोज दुपारी बंद पडायचा, कारण त्या छत्रीत पापड वाळत घालायच्या. 'एवढं मोठं ताट रिकामं ठेवायचं का?' असा त्यांचा सवाल. एका घरात तर मी चार वेळा गेले. दिवसा चित्र तुटायचं, सुट्टीच्या दिवशी एकदम स्वच्छ. शेवटी भिंतीला कान लावला तेव्हा कळलं, पलीकडे पॉवरलूम होता. माग सुरू झाला की सामाईक भिंत थरथरायची आणि तिच्यावरची छत्रीही. माग तर बंद करता येत नव्हता. छत्री दुसऱ्या भिंतीवर नेली आणि दोन्ही घरांत होऊ घातलेलं भांडण टळलं.

पण मला सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट भिंतीवरच्या छत्रीची नाही.

भास्करकाका महाजन आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. जन्मभर बस चालवली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. काकांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. आतल्या सीटा काढल्या, दोन खाटा ठोकल्या, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, खिडक्यांना पडदे. 'आजपर्यंत लोकांना त्यांच्या गावी पोचवलं,' ते म्हणायचे, 'आता इंदूला घेऊन जिथं वाटेल तिथं थांबणार. स्टॉप नाही, टाइम नाही.' सगळं झाल्यावर ते माझ्याकडे आले.

'संध्या, टपावर छत्री पक्की ठोक. गाडी बी चालेल, टीव्ही बी चालेल.'

'काका, चालत्या गाडीत नाही दिसणार.'

'का बरं? रेडिओ तर लागतो ना.'

'रेडिओचं वेगळं. हे म्हणजे सुईत दोरा ओवणं आहे. घोड्यावर बसून सुईत दोरा ओवता येईल का?'

इंदूकाकू दारात उभ्या होत्या, त्या खुदकन हसल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला कमी. त्यांनी हळूच विचारलं, 'मग गाडी थांबल्यावर छत्री कोण लावेल?'

'तुम्ही.'

'मी? व माय! मला घरातलं मीटर बघता येत नाही.'

'मीटर बघायचं नाही. उन्हाकडे बघायचं.'

टपावर मी छत्री लावलीच नाही. गाडी उतारावर उभी राहिली तर टप तिरका होतो, आणि आत कुणी नुसता चहा ढवळला तरी गाडी डोलते. त्यापेक्षा तीन पायांची लोखंडी घोडी बनवून घेतली, मध्ये नळी, नळीवर पकडीने छत्री. घोडी जमिनीवर ठेवायची, नळी सरळ आहे की नाही ते दोऱ्याला नट बांधून बघायचं, गवंडी ओळंब्याने बघतात तसं. लांब वायरचं भेंडोळं दिलं. छोटा टीव्ही, गाडीच्या बॅटरीलाच जोडलेली एक जादा बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर. पहिल्या फेरीला मी दोन-तीन दिवस बरोबर जायचं आणि काकूंना शिकवायचं, असं ठरलं. दुकान भाऊ बघणार होता.

ती फेरी नेमकी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघाली, त्यालाही कारण होतं. काका-काकूंची धाकटी शीतल कॉलेजात छात्रसैनिक होती. सव्वीस जानेवारीच्या दिल्लीच्या परेडसाठी तिची निवड झाली होती, पण राखीव म्हणून. राखीव म्हणजे काय, तर थंडीत पहाटे सगळ्यांबरोबर उठायचं, सगळ्यांइतकं चालायचं, फक्त त्या दिवशी चालायचं नाही. कुणाला काही झालं तरच. सगळी गल्ली काकूंना विचारायची, 'शीतल टीव्हीवर कधी दिसणार?' आणि काकू प्रत्येकीला तेच समजावून दमल्या होत्या. एक दिवस त्या काकांना म्हणाल्या, 'त्या दिवशी आपण घरी नकोच.' म्हणून गाडी निघाली. ओंकारेश्वरपर्यंत जायचं, वाटेत वाटेल तिथे मुक्काम.

पहिला मुक्काम असीरगडाच्या पायथ्याशी. तिथे काकूंचा पहिला धडा. काका गाडीत टीव्हीपुढे, काकू बाहेर छत्रीपाशी आणि मी दोघांच्या मध्ये.

'काकू, डब्यात सिग्नलची पट्टी असते. लाल म्हणजे काही नाही, हिरवी झाली की थांबायचं. आणि हळू फिरवा. डब्याला कळायला श्वासभर वेळ लागतो. घाईने फिरवलं तर सॅटेलाइट समोरून निघून जातो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.'

'लाल!' आतून काका ओरडले. 'लाल! लालच! इंदू, सरक ना जरा! लाल!'

'ओरडू नका हो. सरकतेय ना.'

'लाल... पिवळी! पिवळी! अरे, गेली!'

'मागे घ्या काकू, केसभर मागे.'

'हिरवी! हिरवी झाली! थांब!' काका दारात आले. चेहरा नुसता फुललेला. 'बघ संध्या, काय जमाना आला. जन्मभर हिरवा दिसला की निघालो, अन् आता हिरवा दिसला की थांबायचं!'

पडद्यावर कुठला तरी शेतीचा कार्यक्रम चालू होता. काकूंनी आत येऊन तो असा बघितला जणू स्वतः शिजवलेलं जेवण कुणी ताटात वाढलंय. मग उठल्या, बाहेर गेल्या, छत्री मुद्दाम फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. अंधार पडेपर्यंत त्यांचा तोच खेळ चालला होता. दुसऱ्या दिवशी मला वायरला हात लावू दिला नाही.

पंचवीस तारखेला धूलकोटला पोचलो. काकांनी कित्येक वर्षं धूलकोटची बस चालवली होती. गावात शिरताच लोक ओळखायला लागले. 'अरे, बसवाले काका! आज अपनी बस लेके आए?' पीसीओवाल्या कैलासने चहा पाजला. त्याच्याच फोनवरून काकांनी शेजाऱ्यांना कळवलं की आम्ही धूलकोटला आहोत, काही लागलं तर इथे फोन करा. मोबाइल तेव्हा शहरात थोड्या लोकांकडे होते, तिकडे रेंजचा पत्ता नव्हता. गावाबाहेर ओढ्याच्या काठी एक मोठी चिंच होती, तिच्याखाली गाडी लावली. सावली छान, पाणी जवळ. छत्रीचा विचार त्या दिवशी कुणी केला नाही.

सव्वीस तारखेला सकाळी शाळेतल्या झेंडावंदनाची गाणी ऐकू येत होती. काकू पोहे करत होत्या. तेवढ्यात कैलास सायकलवरून असा आला की ब्रेक लावायच्या आधीच त्याने उडी मारली आणि सायकल तशीच पुढे जाऊन चिंचेला धडकली.

'काकी! काकी, आपकी शीतल जा रही है!'

काकूंच्या हातातला झारा खाली पडला. 'कुठं जातेय? काय झालं तिला?'

'परेड में! बुऱ्हाणपूर से फोन आया, आपके पड़ोसी का। किसी लड़की का पैर मुड़ गया। शीतल को ले लिया। बोली है, तीसरी लाइन, मंच की तरफवाला किनारा।'

काकांनी गॅस बंद केला. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि ती नजर मी कधी विसरणार नाही. तिच्यात आनंद होता, भीती होती आणि एकच प्रश्न होता.

'दिसेल,' मी म्हटलं. 'लावू या.'

कैलास म्हणाला, 'गावात कुणाच्या घरी जाऊन बघा की. टीव्ही बहोत हैं।' आणि मग स्वतःच कपाळावर हात मारला. 'लाइट! लाइट तो सुबह से गई है।'

म्हणजे अख्ख्या गावात चालू होईल असा एकच टीव्ही होता, आमच्या गाडीतला. आणि आमची गाडी चिंचेखाली. चिंचेची पानं बारीक, पण एवढी दाट की त्यातून सॅटेलाइटचा सिग्नल येणं शक्य नव्हतं. ऊन ज्या बाजूने येत होतं, नेमकी तिकडेच सगळ्यांत मोठी फांदी.

'गाडी बाहेर काढतो,' काका म्हणाले. किल्ली फिरवली. रात्रीच्या थंडीने जुनं इंजिन गारठलेलं. नुसती घरघर. दुसऱ्यांदा फिरवायला गेले तशी मी ओरडले, 'काका, नको! बॅटरी उतरली तर टीव्ही पण गेला!' त्यांनी हात काढून घेतला.

मग मी वायरचं भेंडोळं घेतलं आणि उन्हाकडे चालत सुटले. चिंचेची सावली संपली तिथे गावातल्या नानसिंगदादाचं कापसाचं शेत होतं. दादा वेचणी झालेल्या कापसाची गठडी बांधत बसला होता. वायर ताणून ताणून बांधापर्यंत पोचली. तिथेच घोडी ठेवली.

'काकू, या! तुम्हीच लावा. मी मधे उभी राहते.'

'आज मला नाही जमायचं, संध्या.'

'जमेल. हळू फिरवायचं एवढंच लक्षात ठेवा.'

तोपर्यंत कैलासने गावात बातमी नेली होती. झेंडावंदनाहून थेट माणसं आली. हातात बुंदीचे लाडू, खिशाला कागदी झेंडे. गाडीच्या मागच्या दारात काकांनी टीव्ही उचलून ठेवला म्हणजे सगळ्यांना दिसेल. आणि गर्दी पट्टी वाचायला लागली.

'लाल!'

'लाल है!'

'पीली हुई! पीली हुई!'

'हरी! हरी!'

आणि चित्र आलं. दिल्लीचा तो रुंद रस्ता, रणगाडे, धुकं. एवढी मोठी आरोळी उठली की नानसिंगदादाचे बैल दचकले. काकू पदराने डोळे पुसत गाडीकडे धावत आल्या आणि टीव्हीच्या अगदी पुढे, जमिनीवर मांडी घालून बसल्या. कुणी तरी त्यांना लाडू दिला. तो हातातच राहिला. पुढे काय काय येणार ते निवेदक सांगत होता. सैन्याच्या तुकड्या, मग पोलिसांच्या, मग छात्रसैनिक.

आम्ही सगळे समोर बघत होतो. बांधाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

एक म्हातारी बाई शेळ्या घेऊन रोजच्या वाटेने येत होती. वाटेत आडवी ताणलेली काळी वायर शेळ्यांना काय माहीत! एका शेळीचा पाय अडकला, ती उधळली, तिच्यामागे बाकीच्या. पडदा काळा झाला. वळून बघेपर्यंत घोडी आडवी पडलेली आणि छत्री उलटी जमिनीवर.

मी धावले. वायर तुटली नव्हती. डोळाही शाबूत. पण छत्री नळीला धरणारी बिडाची पकड मधोमध तुटली होती. तिचे दोन तुकडे माझ्या हातात होते आणि बिड काही तारेने शिवता येत नाही. तरी मी तारेने बांधून बघितलं. छत्री भिजल्या कणकेसारखी मान टाकायची. म्हातारी बिचारी रडकुंडीला आली होती. 'मैंने नहीं देखा बेटी, मैंने नहीं देखा।'

'कोई बात नहीं, माँ,' मी म्हटलं खरं, पण डोकं चालत नव्हतं. पोलिसांचा बँड सुरू झाला असेल. दुकान इतवाऱ्यात. दुसरी पकड तिथे.

काकू माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

'दे इकडं,' त्या म्हणाल्या.

'काकू, पकड तुटली.'

'हात तर तुटले नाहीत ना? दे.'

नानसिंगदादाला आमची भाषा कळो ना कळो, त्याला गोष्ट कळली. त्याने दोन गठड्या उचलून आणल्या आणि बांधावर एकीला एक टेकवून ठेवल्या. काकू त्यांच्या मधोमध बसल्या, पाठ एका गठडीला लावली, गुडघे वर घेतले, छत्रीची खालची कड मांडीत रोवली आणि मागून दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं. लहान मूल उभं धरावं तशी. उन्हाकडे तोंड केलं. मग मान वर. मग छत्री वर.

मी गाडी आणि बांध यांच्या मध्ये उभी राहून आरोळ्या पोचवत होते. 'लाल काकू! लालच! घाई नको. थोडं डावीकडे. लाल. थांबा, तिथेच श्वास घ्या. आता वर.'

गर्दी अगदी गप्प झाली होती. एवढी माणसं आणि एवढी शांतता. फक्त काकांचा आवाज, 'लाल... लाल...' आणि मग, 'पिवळी.'

'काकू, आता हलू नका. फक्त वरची कड केसभर मागे.'

'हिरवी!'

चित्र आलं, पण या वेळी कुणी ओरडलं नाही. सगळ्यांना वाटलं, आवाजाने ते जाईल. पोलिसांची शेवटची तुकडी चालली होती.

मी काकूंजवळ गेले. 'मी धरते. तुम्ही जा, बसा पुढे.'

'हात लावू नको,' काकू मान न वळवता म्हणाल्या. 'हललं की जाईल. तू बघ अन् मला सांग. तू नुसती बोलत राहा.'

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शोधायचं, आणि तेवढा वेळ आता नव्हता. काकूंचं तोंड उन्हाकडे, टीव्ही त्यांच्या पाठीमागे. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिला एकटीलाच दिसणार नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंच्या पाठीकडे. आणि एकदम म्हणाले, 'स्क्रू ड्रायव्हर दे.'

मला काही कळेना. मी दिला. ते ड्रायव्हरच्या जागेवर चढले. कर्र कर्र आवाज आला, आणि खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात आरसा होता. ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो तो, आडवा, लांब, मागची सगळी बस दाखवणारा. तो घेऊन ते बांधाकडे असे पळाले की त्या वयात मी त्यांना तसं पळताना परत कधी बघितलं नाही. छत्रीच्या वाटेत येऊ नये म्हणून ते काकूंच्या बाजूला, जरा खाली, गुडघ्यावर बसले आणि आरसा त्यांच्या तोंडासमोर धरला.

'दिसतंय का?'

'झाडं दिसतात.'

'आता?'

'लोक दिसतात. कैलास दिसतो... जरा खाली घ्या. हां! हां! टीव्ही! दिसतोय हो, दिसतोय!'

कैलासने लोकांना दोन्ही बाजूंना सारलं, मध्ये वाट मोकळी केली. आणि त्याच वेळी निवेदक म्हणाला, आता येत आहेत छात्रसैनिक मुली.

मी टीव्हीजवळ पळत गेले. समोरून येणारी तुकडी, सगळ्यांचे हात एकदम वर, एकदम खाली. मंच त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्याला समोरून बघताना डावीकडे. मी मोजलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. डावं टोक. आणि ती होती! सावळी, नाकेली, हनुवटी वर काढलेली आमची शीतल!

'डावीकडे!' मी जीव खाऊन ओरडले. 'काकू, तिसरी ओळ, डावीकडे!'

'नाही दिसत!' काकूंचा आवाज चिरकला. 'डावीकडं ती नाहीये! दुसरीच कुणी आहे!'

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं, मग बांधाकडे. आणि मग डोक्यात उजेड पडला.

'काकू, आरसा! आरशात उलटं दिसतं! उजवीकडे बघा, उजवीकडे!'

मी वळून बघितलं. त्यांचं तोंड मला आरशातच दिसत होतं, लांबून, छोटंसं. ते उघडं होतं. मग पडद्यावर सगळ्या मुलींनी सलामीसाठी एकदम मान वळवली, आणि काकूंच्या तोंडून एक शब्द आला, एवढ्या हळू की तो मला ओठांवरून कळला.

'शीतल.'

तव्यावर भाकरी उलटावी तेवढ्या वेळात तुकडी पुढे गेली. कॅमेरा दुसरीकडे वळला. आणि मग मात्र जो आवाज झाला, तो मला आजही कानात ऐकू येतो. टाळ्या, शिट्ट्या, 'शीतल दीदी जिंदाबाद'! त्यांच्यातल्या एकानेही शीतलला कधी बघितलेलं नव्हतं. शेळ्यांवाली म्हातारी सगळ्यांत जास्त नाचली. काका आरसा छातीशी धरून बांधावर बसले होते आणि हसत होते की रडत होते, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

तेवढ्यात गावाकडून कुणीतरी ओरडलं, 'लाइट आ गई!'

झालं! चित्ररथांच्या झांक्या आणि विमानं अजून बाकी होती. सगळी गर्दी आपापल्या घरी टीव्हीकडे पळाली. बघता बघता बांधावर आम्ही तिघं, नानसिंगदादा आणि दोन गठड्या उरलो. काकू तशाच छत्री कवटाळून बसलेल्या.

'काकू, सोडा आता.'

'सुटत नाहीये, संध्या.'

खरंच सुटत नव्हती. बोटं पत्र्याच्या कडेला आखडून गेली होती. मी आणि काकांनी एक एक बोट हळूहळू मोकळं केलं. तळहातावर कडेची लालभडक रेघ उठली होती. नानसिंगदादाने ओढ्याचं पाणी आणलं. काकू त्या पाण्यात हात बुडवून बसल्या आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, 'मान वळवली तिनं. एकदम वळवली.'

मी पुढेही पुष्कळ छत्र्या लावल्या. मोठ्या घरांवर, हॉटेलांवर, केळीच्या बागेतल्या राखणदाराच्या झोपडीवरसुद्धा. आता लोक फोनवर बघतात, आणि कितीतरी गच्च्यांवर माझ्या हातच्या छत्र्या गंज खात उभ्या आहेत. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण धूलकोटच्या त्या सकाळीइतकं माझं काळीज नंतर कधी धडधडलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी कैलासच्या पीसीओवर शीतलचा फोन आला. काकूंची बोटं अजून मिटत नव्हती, म्हणून रिसीव्हर मी त्यांच्या कानाशी धरला होता. त्यामुळे शीतलचा आवाज मलाही ऐकू येत होता.

'आई, तुम्ही जंगलात आहात म्हणे. कैलासभाऊला निरोप मिळाला की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. तुम्हाला दिसणारच नाही असं वाटलं, म्हणून सकाळी मी खूप रडले. मग म्हटलं, निदान नीट तरी चालू.'

काकूंनी तोंड रिसीव्हरच्या आणखी जवळ नेलं.

'नीट चाललीस, बाळा,' त्या म्हणाल्या. 'मी बघितलं.'